मी, पुष्पाबाईच्या खांद्यावरची लाकडी बंदूक

एकोडीत एक होता तुलाराम हवालदार, एक होती त्याची बायको पुष्पाबाई, आणि दोघांच्या मधात होते मी. मी लाकडी बंदूक बोलतेय. माझ्यातून आजवर एक गोळी सुटली नाही. तरी एक घाव माझ्या नावावर आहे. तोच सांगते.

मी नाकाडोंगरीकडच्या सागाची. तिथल्याच जंगलातल्या चौकीवर तुलाराम नोकरीला. महिन्यातून एकदा घरी. कवायतीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून शहात्तर साली साहेबांनी त्याला उस्तादाच्या कोर्सला पाठवलं. उस्ताद म्हणजे नव्या शिपायांना शिकवणारा. पास झाला तर भंडाऱ्याला बदली, क्वार्टर, नवराबायको एका छपराखाली. नाहीतर जन्मभर चौकी.

तुलाराम नापास झाला. परीक्षेत एका नवख्याला बंदूक खांद्यावर घ्यायला शिकवायचं होतं. नवखा चुकला की हा त्याच्या हातची बंदूक हिसकावी अन् स्वतःच करून दाखवी. परीक्षक म्हणाले, "तुला येतं हे दिसलं. त्याला कधी येणार?"

आता एकच संधी उरली. सरावासाठी त्यानं गोमाजी सुताराकडून मला घडवलं. खरं वजन यावं म्हणून दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकतो त्या जाड टोकात, लोखंड ठोकलं. सुट्टीत अंगणात पुष्पाबाई शिपाई होई, पदर खोचून मला धरी.

शेजारची ललिताबाई कुडावरून म्हणे, "काहून वो वयनी, पोलिसात भरती होऊन राहिल्या का?"

"हो ना वो! पयली धाड तुमच्याच घरी घालीन!"

हे हसणं थोडेच दिवस टिकलं. "कंधे शस्त्र!" तो ओरडे. ती चुके. "अशी नाही वो, अशी!" म्हणत तो मला हिसके. एकदा तिची मूठ सुटायच्या आत त्यानं मला खेचलं, आणि माझा लोखंडी दस्ता तिच्या उजव्या अंगठ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आधी मी ऐकला, मग तिनं.

अंगठा ताठ राहिला. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, अंगठ्याची असते; पऱ्हे, म्हणजे रोपं, चिखलात तोच दाबतो. गावात सगळ्यांच्या पुढं रोवत जाणारी बाई ती. तिला कोणी बोलावेना. तुलाराम चौकीवर गेला तो चार महिने फिरकला नाही. मी गोठ्यात पडले होते. ती म्हशीचं दावं बांधी, गाठ सुटे, पुन्हा बांधी. रडली नाही कधी. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तीन वर्षं अशीच गेली. मग दिराची नवी बायको आली, कुंता. रोवण्यातलं तिला काही येईना. पुष्पाबाईनं शेताच्या निसरड्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टेकायला मलाच काठी केलं आणि वरूनच शिकवू लागली. "थांब. आता तूच सांग, पऱ्हे कायले आडवे पडले?" कुंता विचार करी, पुन्हा रोवी. दुपारपर्यंत तिची ओळ सरळ आली.

सुट्टीवर आलेला तुलाराम मागं उभा राहून सगळं बघत होता. हळूच म्हणाला, "तू हात काहून नाही लावत?"

"अंगठा असता त लावला असता. मंग कुंताले कधी आलं असतं?"

तो तिथंच चिखलात बसला.

दुसऱ्या परीक्षेत म्हणे त्यानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून धडा दिला. नवखा चारदा चुकला. तुलारामाची बोटं पांढरी पडली, पण सुटली नाहीत. पाचव्यांदा बंदूक खांद्यावर बरोबर बसली.

बदलीचा हुकूम आला. त्यानं मला चुलीपुढं नेलं. "जाळतो हिले."

"काहून? नव्या शिपायायले काय झाडू देसान धरायले?" पुष्पाबाई म्हणाली.

म्हणून आज, शहाऐंशी साली, मी भंडाऱ्याच्या मैदानावर आहे. तडा गेलाय, दस्त्याला वाळवी लागलीय. शिकवणाऱ्यांनो, एवढंच मागते, शिकणाऱ्याच्या हातून मला हिसकावू नका. लाकूडही जखम करतं.

तुलारामाच्या क्वार्टरात आता दोन ताटं एकाच वेळी वाढली जातात. पुष्पाबाई डाव्या हातानं वाढते. तुमचीही ताटं अशीच एका जागी येवोत. फक्त एवढ्या मोलानं नको.