उजव्याचा उ

"सिस्टर, शामीचा डावा पाय तर अच्छा होता न? यालाच का बरं प्लास्टर बांधलं?"

महिन्याभरापूर्वी प्लास्टर काढलेली दीड वर्षाची पोर दाखवायला दाना ओली मोहल्ल्यातल्या अनसूयाबाई आल्या होत्या. मी शामीला टेबलावर निजवून गुडघे वर घेतले, टाचा जुळवल्या. उजवा गुडघा बोटभर खाली होता. म्हणजे खुबा उजवाच निखळलेला होता.

प्रत्येक नवजात बाळाचे खुबे तपासायचे, हा आमच्या रघुनाथराव डॉक्टरांचा ध्यास. बाळाच्या मांड्या अलगद फाकवायच्या. निखळलेला खुबा जागी बसताना बोटाला 'खट्' लागतं. काही आठवड्यांनी तेही लागेनासं होतं, म्हणून बाजू लगेच वहीत लिहायची. चार वर्षांत अकराशे बाळं तपासून झाली. डॉक्टर मराठीत सांगत, मी मराठीत लिही. डाव्याला डा., उजव्याला उ. कोण माझा तो शहाणपणा!

मग आमचं मध्यभारत राज्य मोडलं, राजधानी इथून भोपाळला गेली, डॉक्टरांची बदली जबलपूरला झाली आणि संशोधन बंद पडलं. वहीची हिंदी नक्कल करायला आलेल्या सरकारी बाबूंनी विचारलं, "सिस्टरजी, ये उ. माने क्या?" मी साऱ्या जगावर चिडलेली. म्हटलं, "जो समझना है, समझ लो."

त्यांनी समजून घेतलं. उ. म्हणजे उल्टा, हिंदीत उल्टा पाय म्हणजे डावा. आणि डा. हा माझ्या अक्षराचा दोष समजून त्यांनी दा. केलं, म्हणजे दाहिना, उजवा. सगळीच बाळं उलटी झाली.

शामीला प्लास्टर घालायच्या वेळी एक्स-रेचं यंत्र बंद होतं. नव्या डॉक्टरांनी गुडघे न जुळवता, नुसती नक्कल पाहून डावा पाय बांधला. ओल्या पट्ट्या मीच हातात देत होते.

"अनसूयाबाई, चूक झाली. चांगला पाय बांधला गेला. माझ्यामुळे."

त्यांनी शामीच्या उजव्या खुब्यावर हात ठेवला. "पोर झाली तेव्हा बडे डॉक्टरांनी तर मला उजव्यावर हात ठेवून दाखवलं होतं. मी बोलले पण प्लास्टरच्या वेळी. तुम्हीच म्हणालात, वहीत लिहिलंय तेच बरोबर."

म्हणाले होते मी. तेही आठवलं.

"मग आता उजवा बांधून द्या न."

"आता नुसत्या बांधण्यानं नाही व्हायचं. ऑपरेशन लागेल, मुंबईला. त्यानंही चाल सुधारेलच, असं नाही."

"आणि बाकीची पोरं?"

अनसूयाबाईंनी शामीला टेबलावरून उतरवलं. "जा, सिस्टरला चालून दाखव. प्लास्टरात नऊ महिने यांनीच सांभाळलं न तुला."

पोर मला ओळखत होती. दोन्ही हात पसरून, प्रत्येक पावलाला उजवीकडे कलंडत, हसत हसत ती माझ्याकडे यायला निघाली. मला खाली वाकून तिला घेता येईना.