लिंबांच्या बरणीची सवत

मी बरणी बोलतेय. चिनीमातीची, तपकिरी गळ्याची, पोटात खारातली लिंबं घेऊन बसलेली. स्वभावानं मी जळकी आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून तुम्ही म्हणणार, त्यापेक्षा बरं.

इंदुताईंनी मला दाल बाजारातून आणलं, तेव्हा ग्वाल्हेरला संस्थान होतं. मग संस्थान गेलं, मध्यभारत आला, पण लिंबांचा खार तोच राहिला. दौलतगंजात कुणाच्या तोंडाची चव गेली की आमच्याच दाराची कडी वाजायची. इंदुताई माझ्या तोंडावरचं फडकं सोडायच्या, लाकडी पळीनं दोन फोडी काढायच्या, आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

लिंबं घालायची वेळ आली की त्या सूनबाईला, सरोजिनीला, पाटणकर बाजारात दोरा आणायला धाडायच्या. मिठाचा अंदाज तिला कळू द्यायचा नव्हता. मलाही तेच हवं होतं. पुढं ती मला उन्हात ठेवायची, हलवायची आणि काठावर ओघळलेला खार बोटानं चाटायची. मी म्हणायचे, काय खादाड पोरगी आहे!

मग मध्यभारत राज्यही मोडलं, राजधानी भोपाळला गेली. इंदुताईंचा एकुलता एक मुलगा मधुसूदन सरकारी कचेरीत होता. एका संध्याकाळी येऊन तो म्हणाला, "आई, पूरा दफ्तर भोपाळला चाललाय. जावंच लागेल. तू पण चल ना."

"मला नाही करमायचं तिकडे," इंदुताई म्हणाल्या.

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्यातली जेमतेम वाटीभर लिंबं एका काचेच्या बाटलीत घालून दिली.

"अजून थोडी द्या ना, आई," सरोजिनी म्हणाली. "यांना रोज लागतात."

"संपली की त्याला पाठव घ्यायला."

डाव माझ्या लक्षात आला. लिंबं संपतील, लेक धावत येईल. उरलेली लिंबं मी जिवापाड सांभाळली. इंदुताई मात्र टांग्याचा आवाज आला की दारात जायच्या.

तो आला होळीला. हातात तीच बाटली, गच्च भरलेली. "सरोजिनीनं घातलीत. चाखून तर बघ."

इंदुताईंनी फोड जिभेवर ठेवली. "मीठ कमी पडलंय," असं म्हणाल्या आणि लगेच दुसरी फोड उचलली. पोरगी खार का चाटायची, ते मला तेव्हा कळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तो निघताना इंदुताईंनी विचारलं, "मधू, लिंबं देऊ बांधून?"

"नको आई, आहेत तिकडे."

तो गेला तरी त्या दारातच उभ्या होत्या. आता ती बाटली मोरीत रिकामी करणार, म्हणून मी टपून बसले होते. त्यांनी ती फडक्यानं पुसली आणि फळीवर माझ्या शेजारी आणून ठेवली.

काल शेजारच्या सुधाताई आल्या. "इंदुताई, यांना बुखार आहे. अन्नच जात नाही. जरा लिंबू देता?"

इंदुताईंचा हात माझ्याकडे आला. मी छाती काढून बसले. हात मला ओलांडून शेजारच्या बाटलीकडे गेला.

"हे न्या. आमच्या सूनबाईनं घातलंय. माझ्याहून सरस उतरलंय."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. त्यांचं जळणं संपलं. माझ्या जोडीला आता कुणी उरलं नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडते. कुणाला ताप यावा, असं मी म्हणत नाही. पण आलाच, तर दौलतगंजात या, आणि बरणीतलंच द्या म्हणून हट्ट धरा.