उसना विस्तव

भागूबाईने चुलीतली राख पुन्हा हाताने उपसली. खाली एकही निखारा नव्हता. राख नुसती कोमट होती.

दुपारी हिवताप चढला म्हणून ती घटकाभर आडवी झाली आणि तेवढ्यात घात झाला. आज नवरात्रातली अष्टमी. देवीचा होम महारवाड्यातल्या याच चुलीच्या विस्तवाने पेटायचा. सासू गेली, नवरा गेला, पण चूल कधी विझली नव्हती. विस्तव नाही म्हटल्यावर मान दुसऱ्या घरी जाणार, आणि मान गेला की या एकट्या बाईला गावात कोण विचारतं? वेशीकडून संबळ वाजू लागला. ती उठली, बसली, पुन्हा उठली. मग एकदम तिला हन्ना आठवली.

हन्ना तिची धाकटी जाऊ. दीर एलिया ख्रिस्ती झाला तेव्हा दोन घरांमध्ये कुडाची भिंत उभी राहिली. पण महायुद्धामुळे काडीपेटी मिळेनाशी झाली आणि हन्ना रोज सकाळी खापर घेऊन दारात उभी राहू लागली. भागूबाई रोज टोचायची, "तुझ्या येशूकडं काडीपेटी न्हाई व्हय गं?" हन्ना खाली मान घालून विस्तव घेऊन जायची.

"हन्ने," भागूबाईने कुडावरून हाक मारली, "सकाळचा विस्तव हाय का गं?"

"हाय की, राखंत पुरलाय." जावेचे राखेने भरलेले हात बघून हन्ना काय ते समजली.

एलिया दारातच बसला होता. "वैनी, होमाला आमच्या घरनं काय बी द्यायचं न्हाई. पाळकसायबांना काय सांगू मी?"

"द्यायचा कुठं हाय?" हन्ना म्हणाली. "उसना आणलेला माघारी करतीया. उसनं बुडवा, असं लिवलंय व्हय तुमच्या पुस्तकात?"

एलिया दारातून बाजूला सरला. हन्नाने आपल्यापुरता एक निखारा ठेवून बाकीचे खापरात घातले.

गावकरी आले. भागूबाईने खापर जमिनीवर ठेवलं. छगन भगताने त्याला न शिवता चिमट्याने निखारे उचलले आणि देवळात नेले. भागूबाईला देवळापुढच्या पाराच्या अलीकडूनच बघायचं.

कुंडातून नुसता धूर निघत होता. तूप पडलं, तरी धूरच.

"विस्तवात दम न्हाई!" छगन ओरडला.

देवीला कळलं, भागूबाईच्या मनात आलं. पळून जावं की सगळं कबूल करावं, तिला काही सुचेना. इतक्यात भडका उडाला. उदो उदोचा गजर झाला, कोहळा फुटला, आणि भागूबाई ढसाढसा रडली. लोकांना वाटलं, भक्ती.

दिवेलागणीला ती घरी आली. चूल गारच होती. होमातला विस्तव खाली महारवाड्यात मिळायचा नाही. तेच खापर घेऊन ती हन्नाच्या दारात जाऊन उभी राहिली. आता ही म्हणणार, तुमच्या देवीकडं एवढी आग असून... भागूबाईने मन घट्ट केलं.

हन्नाने निखारा अर्धा फोडून खापरात घातला. "वारं सुटलंय, बाई. पदराआड न्या," एवढंच म्हणाली.

भागूबाई खाली मान घालून विस्तव घेऊन निघाली.