प्रस्थान ठेवलेली बॅग

मी एक जुनी बॅग आहे, मित्रांनो. करड्या रंगाची, कडक पाठीची, पितळी कुलपाची. सध्या नारायण पेठेतल्या एका घरात पलंगाखाली असते. माझं पोट भरलेलं आहे, पण मला कुठेही जायचं नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. उष्ण साच्याचा वास तेवढा आठवतो. तिथून मी स्वारगेटजवळच्या एका दुकानात आले. अनंतराव आणि इंदुबाई मला घ्यायला आले, तेव्हा इंदुबाईंनी माझं कुलूप दहा वेळा उघडून लावून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, बॅग घ्यायचीय की नुसतंच कुलूप?" त्यावर अनंतराव इतके हसले, की दुकानदाराने किंमत थोडी उतरवली.

इंदुबाईंची थोरली बहीण गोदाबाई लग्न होऊन क्वालालंपूरला गेली होती. घरात तिला सगळे अक्का म्हणत. तिच्याकडे जाण्यासाठीच मला आणलं होतं. किती थाट होता तेव्हा माझा! पोटात गोडा मसाला, कुळथाचं पीठ आणि मेतकुटाची बरणी. विमानतळावर अक्का माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "आली गं माझी पुण्याची बॅग!" बहिणीला मिठी मग.

त्या काळी विमानात एक कागद देत, अरायव्हल कार्ड म्हणून. कोण, कुठून आलात, कुठे राहणार, ते लिहायचं. इंदुबाई सांगत, की अनंतराव पुढचं फळकूट उघडून सुंदर अक्षरात दोघांचाही कागद भरत आणि शेजारच्यांना आपलं पेनही देत. प्रवासातलं सर्वांत सोपं काम ते.

पुढे अनंतराव गेले. माझ्यात जुन्या चादरी भरल्या गेल्या. माझं एक चाक कुरकुरू लागलं. कित्येक वर्षं माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

मग यंदा अक्काचा फोन आला. आवाज अगदी खोल गेला होता.

"इंदे, मेतकूट घेऊन ये. इथला भात उतरत नाही घशाखाली."

"येते गं, बरी हो आधी."

"बरी होण्यातलं नाही हे. तू ये."

इंदुबाईंनी फोन ठेवला आणि त्या थेट पलंगाखाली वाकल्या. चादरी बाहेर, मी बाहेर.

त्यांची भाची अपूर्वा कर्वेनगरला राहते, आयटीत आहे. तिकीट तिने काढलं. म्हणाली, "आत्या, आता कागद नसतो हं. सगळं ऑनलाइन, फोनवरच भरायचं. पण ते पोचण्याच्या तीन दिवस आधीच भरता येतं, आत्ता घेत नाही. तेव्हा मला पासपोर्टचा फोटो पाठव."

"बरं," इंदुबाई म्हणाल्या. मला वाटतं, मनात त्यांना अजून विमानातला कागदच दिसत होता.

इथेच सगळं बिघडलं. निघायच्या दिवशी अमावास्या येत होती. इंदुबाईंनी त्याआधीच्या एका चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं ठरवलं. म्हणजे काय, तर शुभ दिवशी आपली बॅग शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं मानायचं. मात्र ती बॅग परत घरात आणायची नाही आणि निघेपर्यंत उघडायचीही नाही. त्यांनी मेतकुटाची बरणी साडीत गुंडाळून ठेवली. प्रस्थानात महत्त्वाची वस्तू हवी, म्हणून पासपोर्टही माझ्यात ठेवला आणि कुलूप लावलं.

समोरच्या ब्लॉकमधले वैजनाथकाका दार उघडून म्हणाले, "या. बॅग एकटीच जाणार, की तुम्हीही मागून येणार?"

"तुमच्याकडे काही शुभ बोलायची पद्धत आहे का हो?"

"आहे, पण सणासुदीला."

दुसऱ्या दिवशी ती माहिती भरता येऊ लागली, तसा पासपोर्टचा फोटो मागायला अपूर्वाचा फोन आला. मी काकांच्या सोफ्यामागे होते. इंदुबाई मला बघायला आल्या होत्या, तिथेच बोलल्या.

"अगं, पासपोर्ट प्रस्थानात आहे. आता कसं उघडू?"

"आत्या, सीरियसली? दोन मिनिटांचं काम आहे."

"प्रस्थान मोडलं तर प्रवास मोडतो, बाळ. अक्कापर्यंत पोचायचंय मला."

काकांनी या वेळी विनोद केला नाही. "उघडा हो वहिनी," एवढंच म्हणाले. इंदुबाईंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

"ठीक आहे, गाडीत भरू," अपूर्वा म्हणाली.

मित्रांनो, गाडीत मी डिकीत होते आणि पासपोर्ट माझ्या पोटात. तो काढायला गाडी थांबवली, तेव्हा घाट आला होता. पुढे ट्रक उलटला होता. गाड्यांची रांग हलेना. अपूर्वा पुन्हा पुन्हा माहिती भरत होती. निम्म्यावर आली की रेंज जायची आणि सगळं कोरं व्हायचं. "आत्या, तिथला पत्ता?" "आत्या, राहणार किती दिवस?" इंदुबाई उत्तर देत होत्या. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

मुंबईच्या विमानतळावर पोचलो, तेव्हा आमच्या रांगेत कोणीच उरलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "अरायव्हल कार्ड?"

"भरतेय. एक मिनिट. प्लीज."

फोनवर एक गोल फिरत राहिलं. मुलीने घड्याळ पाहिलं. ती वाईट नव्हती, तिने दोनदा थांबून पाहिलं. मग म्हणाली, "सॉरी मॅडम, काउंटर क्लोज झालं." मला उचलून पट्ट्यावर ठेवलं होतं. तिथून पुन्हा खाली काढलं. त्यानंतर थोड्याच वेळाने फोन वाजला. माहिती मिळाल्याची पावती आली होती.

पुढचं तिकीट चार दिवसांनंतरचं मिळालं. इंदुबाईंनी पासपोर्ट पुन्हा माझ्यात ठेवून कुलूप लावलं. निघायच्या आदल्या सकाळी क्वालालंपूरहून अक्काच्या मुलाचा फोन आला. इंदुबाईंनी तो उभ्यानेच घेतला आणि माझ्यावर बसल्या. बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. अक्का थाप मारायची, त्याच जागी.

लेकरांनो, माझी एवढीच विनवणी आहे. परदेशी निघताना बॅग भरण्याआधी ती माहिती भरा. ज्या दिवशी भरता येते, त्याच दिवशी भरा. गाडीत भरू, रांगेत भरू, असं म्हणू नका. पलीकडे कोणीतरी वाट पाहत असतं आणि त्याच्याकडे तेवढा वेळ असेलच असं नाही.

परवा अपूर्वा आली होती. "आत्या, मी त्या दिवशी हट्ट करायला हवा होता," म्हणून रडली. इंदुबाईंनी पदराची गाठ सोडली, मला बाहेर ओढलं आणि कुलूप उघडलं. साडीतून मेतकुटाचा वास आला. त्यांनी बरणी तशीच राहू दिली. पासपोर्ट तेवढा काढून तिच्यापुढे धरला.

"घे, फोटो काढून ठेव."

"आता कशाला, आत्या?"

"असू दे," इंदुबाई म्हणाल्या.