न निवलेली मोटार

चाचणीच्या खोलीत त्याला सगळे घाईराव म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतःच्या मेहनतीने कमावलं होतं. चहा निवायची वाट बघणंसुद्धा ज्याच्या जिवावर यायचं, तो मोटार निवायची वाट कुठून बघणार?

काम तसं सरळ होतं. एका कापड गिरणीला दोनशे पंख्यांसाठी इन्व्हर्टर हवे होते, मोटारीचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारे. कंपनीकडे दोन रचना होत्या. एक विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ इंजिनिअर, मोठ्या बाईंची. सहा स्विचांची, साधीसुधी, बिघडली तर गिरणीतला वायरमनही दुरुस्त करील अशी. दुसरी खुद्द घाईरावची. बारा स्विचांची, महागडी, नाजूक, पण तिच्यावर मोटार कमी तापते असा त्याचा दावा. किती कमी, एवढंच मोजायचं होतं. जिंकेल ती रचना गिरणीत जाणार आणि हरेल ती कपाटात. बाईंनी आपल्या रचनेवर अकरा वर्षं घालवली होती. घाईरावला मीटर धरायला शिकवलं होतं तेही बाईंनीच.

त्याने एकाच मोटारीवर दोन्ही रचना एकेक तास चालवल्या. सकाळी आपली, आणि डबा खाऊन झाल्याबरोबर बाईंची. फरक निघाला तब्बल अकरा अंशांचा. स्वारी खूश.

दुसऱ्या दिवशी अहवाल टाइप करताना वहीतल्या सुरुवातीच्या नोंदींकडे त्याचं लक्ष गेलं. सकाळी मोटार अठ्ठावीस अंशांवर होती, दुपारी सदतीस. म्हणजे ती निवलीच नव्हती, आणि अकरांतले नऊ अंश सकाळच्या चाचणीचेच होते. पुन्हा चाचणी घ्यायला एक दिवस पुरला असता. पण अहवालाच्या छापील तक्त्यात सुरुवातीच्या तापमानाला रकानाच नव्हता. रकानाच नाही तर लिहिणार कुठे, अशी त्याने मनाची समजूत घातली. मनही मोठं समजूतदार, लगेच पटलं त्याला.

त्याच दुपारी बैठकीत साहेबांनी अहवाल चाळला. "अकरा अंश म्हणजे फारच झाले. बाई, तुमचं काय म्हणणं?"

बाईंनी चष्मा पुसला. "सगळं आलंय ना रे अहवालात?"

"हो, बाई."

"काही राहिलं नाही?"

"नाही."

"मग तो म्हणतो ते मला मान्य आहे," बाई साहेबांना म्हणाल्या.

बैठक संपल्यावर त्यांनी आपल्या इन्व्हर्टरची पेटी फडक्यात गुंडाळली आणि कपाटाशी नेली. त्यांचे हात भरलेले बघून घाईरावने दार उघडून धरलं. बाई "थँक्यू रे" म्हणाल्या, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी बायकोने विचारलं, "निवड झाली ना तुझी? मग तोंड का पाडून बसलायस?"

पुढचा सगळा दिवस त्याने चाचणीच्या खोलीत काढला. कपाटातली पेटी परत आणली. एक तास चाचणी, मग मोटार पुरती निवेपर्यंत नुसतं बसून राहणं, मग दुसरा तास. फरक आला दोन अंशांचा. दोन अंशांसाठी कोणी बारा स्विच विकत घेत नाही. तो कागद घेऊन तो बाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"बाई, मी परवा मोटार निवू दिली नव्हती. खरा फरक दोनच अंशांचा आहे."

बाईंनी कागदाकडे पाहिलंही नाही. "ठाऊक आहे मला. तू डबा धुवायला गेला होतास तेव्हा मी मोटारीवर हात ठेवून पाहिला होता. चांगलीच गरम होती. चाचणीआधी हात ठेवायचा, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून. दोनदा विचारलं मी तुला."

त्याची मान वर होईना. तो पुटपुटला, "साहेबांना सांगायला जातो. तुम्ही येता बरोबर?"

"मी कशाला? रचना कुठली घ्यायची ते साहेब ठरवतील," बाई म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. "तुझ्याबद्दल मला जे ठरवायचं होतं, ते मी बैठकीतच ठरवलं."

साहेबांची खोली वीस पावलांवर होती. घाईरावला तिथे पोचायला बराच वेळ लागला.