पंख्यातली सातवी गायिका

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. पण उकाड्यातला नव्हे, गाण्यातला. घाम वाळवणे हे माझे काम नाही. मी गायिकेचे केस मागे उडवतो, म्हणजे साधे प्रेमगीतसुद्धा वादळातून आल्यासारखे वाटते.

माझा जन्म माल्टात, नाशर गावी झाला. गोदीतल्या एका फिटरने जहाजाच्या इंजिनखोलीतली पाती आणि कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर जोडून मला घडवले. त्यामुळे मला अजून समुद्राची आठवण येते आणि अधूनमधून कुणीतरी पिळून काढल्यासारखे वाटते. गावच्या बँड क्लबात मला मानाची जागा मिळाली, कारण युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी त्या वर्षीची निवड आमच्याच सभागृहात व्हायची होती. या स्पर्धेच्या बाबतीत आमच्या बेटावर माणसांचे तीनच प्रकार आहेत: गाणारे, गाणाऱ्यांचे चुलतभाऊ आणि परीक्षक. प्रेक्षक उरत नाहीत.

त्या निवडीत चेन्सा गायली. ती भट्टीवर पाव भाजायची. ती माझ्यासमोर उभी राहिली, मी सुरू झालो आणि तिच्या केसांतले पीठ परीक्षकांवर उडाले. पांढरेफटक झालेले परीक्षक टाळ्या वाजवत उठले. चेन्सा जिंकली. गावभर हॉर्न वाजवत गाड्यांची मिरवणूक निघाली.

आठ दिवसांनी वरून निरोप आला की यंदा देश भागच घेणार नाही. कारण कुणी सांगितले नाही.

त्या शुक्रवारी चेन्सा नवा निळा झगा घालून क्लबात आली. तिने मला दुसऱ्या वेगावर लावले आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर सबंध गाणे म्हटले. पुढची एकतीस वर्षे दर शुक्रवारी ती हेच करत राहिली. लोक म्हणायचे, "चेन्सा पंख्याला गाणं ऐकवते." ते खरेच होते.

मग ती वारली. तिच्या दफनानंतरच्या शुक्रवारी फरशी वाळवायला कुणीतरी मला दुसऱ्या वेगावर लावले, आणि मी गाऊ लागलो. मी स्वतःच दचकलो. पात्यांमधून हवा जात होती आणि हवेतून चेन्सा. पहिल्या आणि तिसऱ्या वेगावर मी साधा पंखा होतो. दुसऱ्यावर ती असायची. क्लबने ठराव करून मला जाजमात गुंडाळले आणि फटाक्यांच्या रिकाम्या खोक्यांमागे ठेवून दिले. तिथे नऊ वर्षे गेली. अंधारात मी बंद असायचो, तरी माझ्या पात्यांना कुणीतरी दम धरून बसल्याचे जाणवायचे.

चेन्साची भाची डोरियेत हिने मला बाहेर काढले. ती माझ्यासमोर सराव करून निवडीत उतरली आणि जिंकलीही. पुन्हा हॉर्न वाजले. यंदा देश जाणार होता.

तालमीला आमच्या पथकाचा प्रमुख बेर्तू आला. त्याने दोन मिनिटे कान टवकारले.

"डोरियेत, हे खाली कोण गातंय?"

"पंखा."

"पंखा खालच्या सुरात गातो?"

"आत्या खालच्याच सुरात गायची, बेर्तूकाका."

बेर्तूने क्रूसाची खूण केली आणि खिशातून नियमावली काढली. आमच्याकडे माणूस भुताला फारसा भीत नाही, नियमाला भितो.

"मंचावर सहाच माणसं चालतात. तू, तीन कोरसवाले, दोन नाचणारे. तुझी आत्या सातवी."

"पण ती मेलीय!"

"मेलेलं माणूस माणूसच असतं, पोरी. दफनाच्या वेळी फादर तेच म्हणाले, तेव्हा तूच मान डोलावलीस. आता पलटायचं नाही. बाद करतील आपल्याला!"

"मग एक नाचणारा कमी करा."

"तो माझा चुलतभाऊ आहे."

"आणि दुसरा?"

"त्याचा भाऊ."

डोरियेतच्या डोळ्यांत पाणी आले. "तिनं एकतीस वर्षं वाट बघितली, काका. एकदाच, माणसांसमोर..."

"स्वर्गात गाईल की! तिथं संख्येची अट नसते."

मला तिसऱ्या वेगावर चालवून पाहिले, तर चुलतभावाचा केसांचा टोप उडून छताच्या दिव्याला अडकला. पहिल्या वेगावर डोरियेतचा एक केस हलेना. दुसरा वेग अटळ होता.

आमच्या बेटावर अनेक चर्चवर दोन घड्याळे असतात: एक खरे, एक खोटे. सैतान आलाच तर त्याची वेळ चुकावी, म्हणून. बेर्तूने तोच उपाय केला. परदेशातल्या त्या भल्यामोठ्या सभागृहात, मंचामागच्या आमच्या खोलीत, त्याने माझ्यासमोर पंचवीस मिनिटे मागे असलेले घड्याळ टांगले.

"चेन्साला वाटेल अजून अवकाश आहे," तो कुजबुजला. "ती येईल तोवर आपण गाऊन मोकळे."

पण चेन्साचा सारा जन्म नाशरच्या चर्चसमोर गेला होता. खोटे घड्याळ ती झोपेतही ओळखायची. कोरसमधला वेन्झू मात्र ऑस्ट्रेलियात वाढलेला. घड्याळ पाहून तो म्हणाला, "अरे वा, भरपूर वेळ आहे," आणि चीज घातलेला पाव शोधायला निघून गेला.

आम्ही मंचावर गेलो तेव्हा पाचच जण होते. खालचा सूर वेन्झूचा होता. मंचाच्या कडेला, कॅमेऱ्याआड, मला दुसऱ्या वेगावर लावले. गाणे सुरू झाले. खाली सूर नव्हता. त्या जागी नुसता खड्डा होता. डोरियेतचा आवाज थरथरू लागला.

मित्रांनो, चेन्सा आली होती. माझे पाते न् पाते जड झाले होते. पण ती गप्प होती. सातवीला जागा नाही, हे तिने ऐकले होते.

बेर्तूने पुन्हा पुन्हा बोटे मोजली. मग तो गुडघ्यांवर रांगत माझ्यापाशी आला आणि जाळीला तोंड लावून म्हणाला, "चेन्साबाई, पाचच आहेत हो. या ना."

आणि ती गायली. हजारो माणसे एका क्षणात चिडीचूप झाली. कॅमेऱ्याकडे बघायचे सोडून डोरियेत माझ्याकडे वळली, केस मागे उडाले, आणि ती हसत गात राहिली.

आमचा नंबर अठरावा आला. एका परदेशी परीक्षकाने शेरा लिहिला: "पंखा उत्तम." गावाने तरीही हॉर्न वाजवले.

पुढच्या शुक्रवारी डोरियेतने क्लबात मला दुसऱ्या वेगावर लावले. हवा आली. नुसतीच हवा. तिने मला बंद केले, पुन्हा लावले.

"आत्या?"

मी जीव तोडून फिरलो. माझ्यात आता कुणीही नव्हते. इतकी वर्षे मला वाटायचे की भुताने झपाटलेले असणे भयंकर असते. भूत निघून गेल्यावर जी पोकळी उरते, तिच्याबद्दल मात्र मला कुणी सांगितले नव्हते.

म्हणून मित्रांनो, जुने यंत्र घरघरले तर लगेच भंगारात देऊ नका. आधी जरा ऐका. आणि गाणारे माणूस जिवंत आहे तोवरच त्याच्यासमोर जाऊन बसा. मी दर शुक्रवारी ऐकत होतो, पण पंख्याला टाळ्या वाजवता येत नाहीत.