मागाच्या घरातली ऐकणारी डबी

मी एक डबी बोलतेय. बाळाचा आवाज लांबून आईला ऐकवणारी. आम्ही दोघी जोडीच्या. एक पाळण्याशी ठेवायची, दुसरी आईनं कमरेला लावायची. ती कमरेची मी.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतंय ते खोकं, आणि मग सोलापूरच्या भवानी पेठेतलं हे घर. खाली टॉवेलचे माग, वर राहायची खोली. मंजुनाथ माग चालवतो, त्याची बायको श्रीदेवी शेजारी बसून टॉवेलच्या कडा शिवते. वर त्यांची तान्ही सिद्धेश्वरी झोपते. पोरीला दूध उलटून घशाशी येतं, म्हणून श्रीदेवीचा जीव कायम जिन्यावर.

मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ बघून तिनं मला मागवलं. खोकं उघडताना तिनं तो सासूलाही दाखवला. पडदे लावलेली खोली, गालिचा, पाळण्यात बाहुली. तो माणूस हसून सांगत होता, "बाळाचा श्वाससुद्धा ऐकू येतो!"

सासू कमलम्मा म्हणाली, "यव्वा, त्याच्या घरात माग कुटं हाय?"

"आई, लाखो लोकांनी बघितलंय," मंजुनाथ म्हणाला. "ते काय येडे हायत?"

"बघितलंच की. त्यातल्या कुणी पोर सांबाळलंय का, ते इचार."

माग सुरू झाले आणि मी हादरले. वर पाळण्याशी असलेल्या जोडीदारणीपर्यंत मागांचाच खडखडाट जायचा, आणि तोच ती मला धाडायची. श्रीदेवीनं आवाज वाढवला की खडखडाट दुप्पट, कमी केला की सगळंच गप्प. मला कानाशी धरून ती म्हणायची, "बोल की गं." मी काय बोलणार? तरी त्या माणसाच्या शब्दावर ती शिवत बसायची. मी नसते तर दहादा जिना चढली असती. माझ्यामुळेच चढत नव्हती.

एका दुपारी कमलम्मा पापड वाळत घालायला वर गेली, ती पोरीला पालथी धरूनच खाली धावत आली. नाकातोंडातून दूध, चेहरा लालबुंद. पाठ थोपटली तशी पोर रडली. माझ्यातून तेव्हाही मागच ऐकू येत होते.

"मी ऐकत हुते हो आई," श्रीदेवी म्हणाली. "कान देऊन ऐकत हुते."

त्याच संध्याकाळी खाली शिलाई मशीनजवळ लुगड्याची झोळी बांधली. झोळीची दोरी कमलम्मानं सुनेच्या मोकळ्या पायाच्या अंगठ्याला अडकवली. "मंजू आसाच वाढलाय," म्हणाली. पोर हलली की अंगठ्याला ओढ बसते. मी परत खोक्यात गेले.

मग मंजुनाथला मला विकून टाकायचं सुचलं. माग बंद असायच्या दिवशी त्यानं पोरीला वर झोपवलं, मला हातात धरलं आणि विकायचा व्हिडिओ काढायला फोन चालू केला. काय सांगू, पहिल्यांदाच मला तिचा श्वास ऐकू आला! तो माणूस खोटं बोलला नव्हता.

"बघा मंडळी, लई क्लियर..." मंजुनाथ सुरू झाला, तोच श्रीदेवीनं फोनवर हात ठेवला.

"माग सुरू करा, मग काढा."

"मग घेईल कोण?"

"घेणारीच्या घरीबी आसंल की कायतरी. मिक्सर, पंखा, रस्ता. तिची पोर गुदमरली तर?"

मंजुनाथनं फोन खिशात घातला.

तेव्हापासून मी या खोक्यातच आहे. झाकण बंद, अंधार. सुटायचं तर तो व्हिडिओ निघायला हवा, आणि तो श्रीदेवी निघू देत नाही. मी तिच्यावर रागवत नाही. फक्त एक विनवणी आहे, बायांनो. बंद खोलीत बसून कुणी माझं कौतुक करू लागला, तर त्याला म्हणा, दादा, आमच्या घरी येऊन सांग.